साडेचौदा हजार फुटांवरचा आयपॉड

 

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. मी बंगळूरला येलहंका न्यू टाउनमध्ये राहतो आणि हवाई दलाचा तळ इथून जवळ आहे. बोलता बोलता मी मध्येच गप्प बसलो तर समजा, डोक्यावरून विमान चाललंय. दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत इथे एअरो इंडिया भरतं, तेव्हा सराव सुरू झाला की खिडक्यांच्या काचा वाजतात. या मालिकेची मंडळी म्हणाली, नंतर आवाज साफ करून घेऊ. मी म्हटलं, राहू द्या. आवाज साफ करण्याबद्दल माझं मत हल्ली जरा बदललंय. का बदललं ते पुढे येईलच.

आजचा विषय तसा एवढासाच. जुन्या आयपॉडमधली हार्ड डिस्क काढून तिथे मेमरी कार्ड कसं बसवायचं. मी इंजिनियर नाही. पायदळाचा माणूस, पदवी बी.ए.ची. हातात पेचकस घेतला तो निवृत्तीनंतर. त्यामुळे यातल्या बहुतेक चुका मी स्वतः करून पाहिलेल्या आहेत, आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक या कामाच्या सोळा-सतरा वर्षं आधीच करून बसलो होतो.

आयपॉड म्हणजे काय हे चाळिशीच्या पुढच्यांना सांगायला नको. तरुण मंडळींसाठी दोन वाक्यं. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने पहिला आयपॉड दाखवला. त्यात ५ जीबीची हार्ड डिस्क होती, आणि जाहिरात होती की हजार गाणी खिशात मावतात. हे शक्य झालं ते तोशिबाने बनवलेल्या १.८ इंची डिस्कमुळे. डिस्क तयार होती, पण तिचं नेमकं करायचं काय हे बनवणाऱ्यांनाही उमगलेलं नव्हतं असं सांगतात. ॲपलचे जॉन रुबिनस्टाइन त्याच वर्षी जपानला गेले असताना त्यांनी ती पाहिली आणि पुढचा इतिहास घडला. मे २०२२ मध्ये शेवटचा आयपॉडही बंद झाला.

माझा आयपॉड २००६ सालचा. पांढरा, ३० जीबीचा, व्हिडिओ दाखवणारा. अमेरिकेतल्या भाच्याने आणला. त्यात त्याने माझ्या कॅसेटींवरून उतरवून दिलेले भीमसेनजी, वसंतराव, किशोरीताई, आणि बायकोच्या आवडीची सिनेमाची गाणी भरली होती. पुढच्याच वर्षी आमचं युनिट लडाखला गेलं. मी तेव्हा कमांडिंग ऑफिसर होतो. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. आम्ही त्याच्याही पुढे, साडेचौदा हजारांच्या आसपास.

शनिवारी संध्याकाळी जवान गायचे. बराकीत बुखारी पेटलेली, रॉकेलचा वास, ढोलकी, टाळ, आणि आमचा एक हवालदार. खटाव तालुक्यातला. अंगाने किरकोळ, पण आवाज असा की पहिल्या ओळीला बराक गप्प व्हायची. तानाजीचा पोवाडा त्याचा हुकमी. मी आयपॉडला खाली लावायचा एक छोटा मायक्रोफोन मागवला होता. तो जोडला की ध्वनिमुद्रण करता यायचं. त्या दोन हिवाळ्यांत मी अकरा मुद्रणं केली. ती आयपॉडमध्ये आहेत म्हणजे सुरक्षित आहेत, असं मी धरून चाललो. दुसरी प्रत केली नाही. दारूगोळ्याचा हिशेब तीन ठिकाणी लिहून ठेवणारा मी, इथे एकाच डबीवर विसंबलो.

आता ती मोठी चूक. आयपॉडबरोबर जी पुस्तिका येते तिच्यात लिहिलेलं असतं की हे यंत्र जास्तीत जास्त दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन हजार मीटरपर्यंत वापरावं. मी ते कधी वाचलंच नाही. जवानाने शस्त्राची पुस्तिका वाचली नाही तर मी त्याला काय काय ऐकवलं असतं, ते इथे सांगत नाही.

दहा हजार फूटच का? हे समजून घेण्यासारखं आहे. हार्ड डिस्कमध्ये चकाकती तबकडी असते, आणि तिच्यावर वाचणारी-लिहिणारी सुई. आपण सुई म्हणतो खरं, पण ग्रामोफोनसारखी ती टेकत नाही. तबकडी मिनिटाला ४२०० वेळा फिरते, तिच्याबरोबर हवा ओढली जाते आणि त्या हवेच्या पातळ थरावर सुई तरंगते. अंतर किती? काही नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. डिस्क हवाबंद असते असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तिला एक बारीक भोक असतं आणि त्यावर गाळणी. बाहेर हवेचा जो दाब, तोच आत. साडेचौदा हजार फुटांवर हा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही थोडा खाली जातो. हवेचा थर विरळ झाला, की सुई खाली येते आणि कधीतरी तबकडीला घासते. जिथे घासली तिथला मजकूर गेला.

आम्हा माणसांना उंचीवर चढवताना लष्कर घाई करत नाही. पहिला टप्पा नऊ ते बारा हजार फुटांचा, सहा दिवस. मग पंधरा हजारांपर्यंत चार दिवस, त्याहून वर जायचं तर आणखी चार. तेवढ्यात शरीर शिकतं, रक्त बदलतं. डिस्कला यातलं काहीच शिकता येत नाही. ती पहिल्या दिवशी जितकी असहाय, तितकीच शंभराव्या दिवशी.

तरीही माझा आयपॉड दोन हिवाळे कसा टिकला? गाणी ऐकताना डिस्क सतत फिरत नाही. आयपॉड पुढची काही गाणी एका दमात वाचून आपल्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो आणि डिस्क थांबवतो. माझ्या मॉडेलमध्ये ही स्मृती ३२ एमबीची. सिनेमाची पाच-सहा गाणी त्यात मावतात. भीमसेनजींचा पाऊण तासाचा ख्याल मावत नाही, मग डिस्क पुन्हा पुन्हा जागी होते. आणि ध्वनिमुद्रण करताना तर मिनिटाला दहा एमबी लिहायचे असतात, म्हणजे डिस्कला विसावाच नाही. जे सगळ्यात मोलाचं, तेच मी सगळ्यात धोक्याच्या पद्धतीने साठवत होतो.

२००९ ला खाली उतरलो तेव्हा आयपॉड अडखळायला लागला होता. गाणं मध्येच थांबायचं, टक्‌टक् आवाज यायचा, मग तो पुढच्या गाण्यावर उडी मारायचा. पुढे निवृत्त होऊन इथे आलो तेव्हा एका दुकानात दाखवला. तिथला पोरगा म्हणाला, फॉर्मॅट करून देतो, नव्यासारखा होईल. मी हो म्हणणारच होतो, तेवढ्यात बायकोचा फोन आला आणि मी नंतर येतो म्हणून निघालो. पुन्हा गेलोच नाही. आयपॉड खणात पडला. आळसाने माझं एवढं भलं आयुष्यात दुसऱ्यांदा केलं नसेल.

आणि मग त्या मुलाचा फोन आला.

हवालदार पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाले होते, हे मला ठाऊक होतं. २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाने गेले, हे मात्र माहीत नव्हतं. मुलगा बिचकत बोलत होता. म्हणाला, "साहेब, बाबा सांगायचे, लडाखला सीओ साहेबांनी आमचं गाणं एका डबीत भरून घेतलं होतं. ती डबी अजून आहे का?" मी म्हटलं, तुमच्याकडे त्यांचं काही नाही? तर म्हणे, घरी ते गायचेच नाहीत. जत्रेतले दोन व्हिडिओ आहेत, त्यात डीजेचाच आवाज. "आणि मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, साहेब. मला त्यांचं गाणं आठवतच नाही."

मी म्हटलं, अरे, साहेब नको, काका म्हण. आणि डबी आहे. हे सांगताना माझ्या पोटात गोळा आला होता, कारण डबी आहे म्हणजे गाणं आहे असं नव्हे.

आता कामाचं बोलतो. ज्यांच्याकडे असा जुना आयपॉड आहे त्यांनी क्रम लक्षात ठेवावा. कार्ड बसवणं हे तासाभराचं काम आहे. त्याआधी जुन्या डिस्कवरचं काढून घेणं हे खरं काम. बहुतेक लोक उलटं करतात. आयपॉड संगणकाला जोडतात, संगणक विचारतो की हा रिस्टोअर करू का, आणि ते हो म्हणतात. रिस्टोअर म्हणजे सगळं पुसून नव्याने सुरुवात. नव्या संगणकावर आयट्यून्स विचारेल, जुनं पुसून इथली गाणी भरू का? तिथेही नाहीच म्हणायचं. विंडोज म्हणेल, ही डिस्क वाचता येत नाही, फॉर्मॅट करा. नाही, नाही आणि नाही.

डिस्क धड असेल तर काम सोपं आहे. मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरायचं, आयपॉड पुन्हा सुरू होतो. चिन्ह दिसताच मधलं आणि प्ले दाबून धरायचं. मग तो साध्या पेनड्राइव्हसारखा वागतो. गाणी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात, चार-चार अक्षरांच्या निरर्थक नावांनी. घाबरू नका, गाण्याचं खरं नाव फाइलच्या पोटात लिहिलेलं असतं, संगणक ते ओळखतो. आवाजाची मुद्रणं वेगळ्या फोल्डरमध्ये, तारीख आणि वेळ हेच त्यांचं नाव. मी जोडलं तेव्हा मला ती अकरा नावं दिसली. पहिली फाइल उचलली आणि आयपॉड बंद पडला. बॅटरी मेलेली, डिस्क दुखावलेली. तीनदा केलं, तीनदा तेच. चौथ्यांदा केलं नाही. दुखावलेल्या डिस्कला प्रत्येक प्रयत्न महागात पडतो.

म्हणजे आयपॉड उघडायचा. माझे हात आता थोडे थरथरतात. समोरच्या घरात एक गृहस्थ राहतात, येलहंक्याच्या रेल्वे चाक कारखान्यातून निवृत्त झालेले. १९८४ साली सुरू झालेला हा कारखाना, रेल्वेची चाकं आणि आस तिथे तयार होतात. माणूस सत्तरीचा, पण हात दगडासारखा स्थिर. आयुष्यभर वितळलेल्या पोलादाजवळ वावरलेला हा माणूस भिंग लावून माझ्या डबीवर वाकला तेव्हा मला हसू आलं. त्याने आधी तीन वेळा सांगून पाहिलं होतं, "बिट्‌बिडी कर्नल सार, फोनमध्ये सगळं मिळतं." मी त्याला मुलाच्या फोनचं सांगितलं. त्यावर तो काही बोलला नाही, चश्मा आणायला गेला.

पुढचा भाग प्लास्टिकचा, मागचा चकचकीत पत्र्याचा, आणि दोन्ही बारीक खाचांनी एकमेकांत अडकलेले. पेचकस घालू नका, पत्रा वाकतो आणि मग कधीच नीट बसत नाही. गिटार वाजवायची प्लास्टिकची पट्टी उत्तम. बाजूच्या फटीत घालून हळूहळू सरकवायची, टक्‌टक् करत खाचा सुटतात. सुटलं की झटक्यात उघडायचं नाही. आत दोन रिबन केबल दोन्ही भागांना जोडतात, एक बॅटरीची, एक हेडफोनच्या खाचेची. पुस्तक उघडतो तसं बाजूला ठेवायचं. बॅटरीच्या रिबनला नखाएवढी तपकिरी कडी असते, ती वर उचलल्याशिवाय रिबन निघत नाही. ओढली तर कडी तुटते, आणि सगळ्यात जास्त आयपॉड तिथेच मरतात. डिस्कच्या रिबनलाही तशीच काळी कडी. डिस्क निळ्या रबरात बसवलेली असते. शेजाऱ्याने ती तळहातावर घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, एवढ्यात फिरतं काय?

डिस्क निघाल्यावर तिला यूएसबीला जोडणारा एक छोटा ॲडॉप्टर लागतो, काही शे रुपयांचा. बंगळूरच्या लोकांना सांगायला नको, एसपी रोडवर दोन तास हिंडायची तयारी असेल तर मिळतो. मला तिसऱ्या गल्लीत मिळाला. आणि मग भाचा. व्हिडिओ कॉलवर, त्याच्याकडे सकाळ, माझ्याकडे रात्र. त्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चालू करून घेतलं आणि डीडीरेस्क्यू नावाचा एक फुकट प्रोग्राम. त्याचं काम मला फार आवडलं, कारण तो अगदी सैनिकी आहे. साधी कॉपी करताना संगणक पहिल्या खराब जागेवर अडून बसतो, डोकं आपटत राहतो. हा तसं करत नाही. आधी सोपं ते सगळं उचलतो, खराब जागेला वळसा घालून पुढे जातो, नकाशावर खूण करून ठेवतो. मग परत येऊन अवघड जागा कडेकडेने कुरतडत आत शिरतो. मध्ये थांबवलं तरी नकाशामुळे जिथे होता तिथूनच सुरू.

यात एकच जीवघेणी जागा आहे. आज्ञा लिहिताना आधी जुनी डिस्क, नंतर जिथे प्रत करायची ती जागा. उलटं लिहिलंत तर जुन्या डिस्कवरच लिहिलं जाईल आणि कहाणी संपली. भाचा म्हणाला, "मामा, एंटर दाबायच्या आधी मला मोठ्याने वाचून दाखव." मी वाचलं. तो म्हणाला, "परत वाच." तोफखान्याला निर्देशांक देताना आम्ही हेच करतो, ते मी त्याला सांगितलं नाही. त्याला स्वतःची हुशारी वाटू दे.

पहिल्या फेरीला सहा तास लागले. पुढच्या दोन रात्री कुरतडण्यात गेल्या, मध्ये मध्ये डिस्क थंड व्हायला थांबून. तिसऱ्या दिवशी पहाटे पाहिलं. नऊ मुद्रणं पूर्ण आलेली. एकाचा शेवट गेला. आणि एकात अकरा सेक्टर कायमचे गेलेले. ते एक कुठलं असेल, तुम्ही ओळखलं असेल. पोवाडा.

मी घाबरून भाच्याला फोन लावला, त्याच्याकडे संध्याकाळ होती. तो शांतपणे म्हणाला, "मामा, हिशेब कर." एक सेक्टर ५१२ बाइटचा. अकरा म्हणजे ५६३२ बाइट. त्या आयपॉडचं उत्तम प्रतीचं मुद्रण सेकंदाला १ लाख ७६ हजार ४०० बाइट घेतं. भागाकार केला तर सेकंदाचे तीन शतांश. सव्वीस मिनिटांच्या पोवाड्यात एक टिक. एवढंच गेलं होतं.

ऐकलं मी ते. एकट्याने ऐकलं, बायको उठायच्या आधी. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आता तुम्ही ज्यासाठी आलात ते कार्ड. जुन्या डिस्कच्या जागी नवी डिस्क घालायचा विचार सोडा. १.८ इंची डिस्क आता बनतच नाहीत, जे मिळतं ते कुणाच्या तरी जुन्या यंत्रातलं. त्याऐवजी मेमरी कार्ड लावायचा ॲडॉप्टर मिळतो. आयफ्लॅश नावाचा प्रसिद्ध आहे, एका कार्डाचा, दोनाचा, अगदी चार छोट्या कार्डांचासुद्धा. आयपॉडला वाटतं डिस्कच आहे. जुनी रिबन त्यात खोचायची, कडी दाबायची, झालं.

कार्ड किती मोठं? मोठ्ठं घेण्याचा मोह आवरा. १ टीबी घालणारे बहाद्दर आहेत. पण गाण्यांची सगळी यादी आयपॉडला त्या ३२ एमबीच्या स्मृतीत बसवावी लागते. माझ्या मॉडेलला साधारण वीस हजार गाण्यांनंतर धाप लागते, मग तो आपोआप बंद-चालू होत राहतो. ६० आणि ८० जीबीच्या मॉडेलना दुप्पट स्मृती होती, त्यांना जास्त झेपतं. शिवाय २००७ आणि २००८ च्या आयपॉड क्लासिकला सव्वाशे जीबीच्या पुढे मोजताच येत नाही, २००९ च्या क्लासिकला येतं. क्लासिक उघडायलाही फार चिवट, पुढचा भागही धातूचा. मी १२८ जीबी घेतलं. माझ्याकडे चार हजार गाणी आहेत. एका जन्मात ऐकून संपणार नाहीत.

कार्ड खोटं निघू शकतं, हे मात्र ऐकून ठेवा. माझं पहिलं निघालं. वर २५६ लिहिलेलं, संगणकही २५६ दाखवतो, भाव निम्मा. आतली खरी जागा पस्तीसच्या आसपास. त्यापुढे लिहिलेलं सगळं हवेत जातं आणि महिन्याभराने कळतं. तपासायची रीत सोपी आहे. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्राम विंडोजवर, लिनक्सवर एफथ्री. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि परत वाचून जुळवून पाहतो. तास-दोन तास लागतात, लागू द्या. बसवण्याच्या आधीच तपासा. मी दुकानदाराला तो निकाल दाखवला, त्याने वाद न घालता पैसे परत केले. त्यावरून मला वाटलं, हे त्याला नवीन नसावं.

बॅटरीही बदलून घ्या. डिस्क गेल्यावर आत जागा उरते, तिथे मूळ बॅटरीच्या दुपटीहून मोठी बसते. मग न मिटवता, दोन्ही रिबन लावून, आयपॉड संगणकाला जोडायचा. आता रिस्टोअरला हो म्हणायचं, कारण आता पुसण्यासारखं काही नाही. चाललं, आवाज दोन्ही कानांत आला, मगच मिटवायचं. मी आधी मिटवलं होतं. हेडफोनची रिबन अर्धी बसलेली होती, परत उघडावा लागला. शेजारी हसला आणि म्हणाला, आमच्याकडे चाक तपासल्याशिवाय बाहेर जात नाही, सार.

एकूण खर्च माझा सात हजारांच्या आसपास झाला, खोटं कार्ड धरून नाही. सात हजार घालण्यासारखं आहे का? गाणी ऐकायचीच असतील तर नाही, स्वच्छ सांगतो. फोन आहे. नॅनो आणि शफल असेल तर विषयच नाही, त्यांची स्मृती डागून बसवलेली असते, निघत नाही. आयपॉड मिनी असेल तर मात्र उलट, तो या सगळ्यांत सोपा, त्यात कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड सरळ बसतं. मला स्वतःला तो संध्याकाळी पुट्टेनहळ्ळी तलावाकडे फिरायला जाताना बरा पडतो. फोन घरी ठेवतो. डबी हलकी झाली आहे, गाणं बदलताना आतून जी बारीक घरघर तळहाताला जाणवायची ती गेली. पहिले काही दिवस मला तो बंद पडलाय असंच वाटायचं. आणि हो, आता तो लेहला नेता येईल. कार्डाला तरंगायला हवा लागत नाही. थंडीचं मात्र बघावं लागेल, बॅटरीला शून्याखाली चार्ज करू नये.

पोवाडा पाठवायचा राहिला होता. भाचा म्हणाला, मामा, पाठवण्याआधी साफ करून देतो. त्यात बुखारीची घुरघुर आहे, दर थोड्या वेळाने डिस्क जागी झाल्याची घर्र आहे, ती एक टिक आहे. आणि सुरुवातीला पाऊण मिनिट नुसता गोंधळ आहे, कुणी खोकतंय, कुणी ढोलकी तापवतंय, कुणीतरी दार उघडं टाकून आत आलंय. त्यावर हवालदार खेकसतो, "दार लाव रे! बुखारीचा जाळ काय बाहेरच्या याकाला देतोस?" सगळे हसतात. मग पोवाडा सुरू. भाच्याने ते सगळं कापून, घासूनपुसून एक प्रत तयारही केली. छान वाटत होती, स्टुडिओतली असावी तशी.

मी दोन्ही ऐकल्या. रात्रभर ठरेना. सकाळी होती तशीच पाठवली, टिक धरून. बाकीची दहाही पाठवली. त्याला म्हटलं, दोन ठिकाणी प्रती करून ठेव, एक तुझ्या घरी आणि एक तिसऱ्याच गावाला.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला. म्हणाला, "काका, आईला लावून दिलं. पोवाडा सुरू झाला तर ती म्हणाली, थांब. हे नंतर. आधी ते दार लाव म्हणालेत, ते परत लाव."